भाकरीतलं लोह आणि पेरूची फोड

धाराशिव जिल्ह्यात दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दुपारच्या ताटलीत साधारण काय असतं? अर्धी ज्वारीची भाकरी, तुरीच्या वरणात कुस्करलेली. मोठ्यांसाठी केलेल्या मेथीच्या नाहीतर करडईच्या भाजीतली चमचाभर, तिखट बेतानं घातलेली. थंडीत ज्वारीच्या जागी कधी बाजरी. लोहाच्या हिशेबानं हे जेवण गरीब नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतं, बाजरीत ६ ते ८, तुरीच्या डाळीत ३ ते ४. पांढऱ्याशुभ्र तांदळात ते १ मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे भाताच्या मुलखापेक्षा हा भाकरीचा मुलूख लोहात पुढे असायला हवा.

मोजणी मात्र वेगळंच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली निघालं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ टक्के होता. या पाहणीत बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात. शिरेतून रक्त घेऊन झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) देशातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत ॲनिमिया ४१ टक्के आणि लोहाचा साठा कमी असलेली मुलं ३२ टक्के आढळली. कोणताही आकडा धरला तरी दर तीन मुलांमागे जवळजवळ एकाच्या अंगात लोह अपुरं आहे. २०१८ साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, होतं. त्या कार्यक्रमाच्या मोजपट्टीत आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन आहे.

ताटलीत लोह आहे आणि रक्तात नाही, तर ते मधल्यामध्ये जातं कुठे? त्याचं उत्तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मिळतं. पोटात गेलेलं सगळंच अंगी लागत नाही आणि लोहाच्या बाबतीत तर बहुतेक सगळं तसंच बाहेर पडतं. क जीवनसत्त्व या गळतीला काही अंशी आवर घालतं. ते कसं, किती आणि कोणत्या वेळी, हे एकेक पायरी उतरत पाहू.

लोह दोन जातींचं

अन्नातलं लोह दोन रूपांत येतं. मांस, मासे, काळीज यांतलं काही लोह ‘हीम’ नावाच्या रेणूच्या कड्यात बसलेलं असतं. आतड्याच्या पेशी ते कड्यासकट आत घेतात. सोबत काय खाल्लं याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि त्यातलं १५ ते ३५ टक्के अंगी लागतं. उस्मानाबादी शेळीचं मटण ज्या घरात शिजतं, तिथं मऊ शिजवलेल्या काळजाचा बारीक तुकडा मुलाच्या भाकरीत कुस्करला, तर हे लोह त्याला मिळतं. शिवाय मांसामुळे त्याच घासातल्या भाकरीचं लोहही थोडं अधिक शोषलं जातं. पण हे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा होणार आणि माळकरी घरात कधीच नाही.

दुसरं लोह वनस्पतींतलं. धान्य, डाळी, पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे, लोखंडी तव्यातून भाकरीला लागणारा कण, हे सगळं याच जातीचं. त्याला हीमचं संरक्षण नसतं. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा त्याच्यावर बरावाईट परिणाम होतो. आपल्या धान्य-डाळीच्या जेवणातून ते साधारण ५ ते ८ टक्केच शोषलं जातं.

आता हिशेब मांडू. अर्ध्या भाकरीला ३० ग्रॅम पीठ धरलं तर त्यात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह येतं. वरणातल्या १५ ग्रॅम डाळीत अर्धा मिलिग्रॅम. एका जेवणाचे झाले पावणेदोन मिलिग्रॅम. त्यातलं ५ ते ८ टक्के अंगी लागलं, तर हाती येतं साधारण एक दशांश मिलिग्रॅम. अशी तीन जेवणं धरली तरी पाव ते चार दशांश मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. ते ८ टक्के शोषलं जाईल असं धरलं, तर शरीराच्या पदरात रोज सहा दशांशाहून थोडं जास्त पडायला हवं. या तुटीचा आकार पाहा. दिवसाला दोन-तीन दशांश मिलिग्रॅमची गोष्ट आहे, पण ती महिनोन् महिने साचत जाते.

ती नेमकी याच वयात का साचते? पूर्ण दिवसांचं, पुरेशा वजनाचं बाळ जन्मताना लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, जे असतं ते छान शोषलं जातं. सहा महिन्यांनंतर मात्र रक्त, स्नायू आणि मेंदू झपाट्यानं वाढत असतात, शिदोरी संपलेली असते आणि सगळी भिस्त वरच्या अन्नावर येते. बाळ कमी वजनाचं किंवा आठव्या महिन्यात जन्मलेलं असेल, तर शिदोरी आधीच संपते. जन्मल्यावर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून बांधावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ती याचसाठी. तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त, म्हणजेच लोह, बाळाकडे येतं.

आतड्याच्या दाराशी

घास जठरात पोचतो. तिथल्या तीव्र आम्लात अन्न विरघळतं आणि धान्यातलं लोह सुटं होतं. त्याचं रूप या वेळी बहुतेक ‘फेरिक’ असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन कमी असलेलं. आम्लात ते विरघळलेलं राहतं, तोवर काही अडत नाही.

अडचण पुढच्या टप्प्यावर येते. अन्न लहान आतड्यात उतरताच स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस येऊन आम्ल मारतो. आम्ल गेलं की फेरिक लोह विरघळलेलं राहू शकत नाही. त्याचा हायड्रॉक्साइड होऊन साका बसतो. पावसात ठेवलेल्या विळ्यावर चढतो तो गंज रसायनशास्त्राच्या दृष्टीनं याच घराण्यातला. साका झालेलं लोह आतड्याला शोषता येत नाही.

त्यातच धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात फायटेट असतं. रोपाला पुढे लागणारा फॉस्फरस बी या रूपात साठवून ठेवतं. फायटेटच्या रेणूला सहा फॉस्फेटचे हात असतात आणि त्या हातांत लोह, जस्त, कॅल्शियम घट्ट पकडलं जातं. ज्वारी-बाजरी सालासकट दळली जाते, हे तंतूंच्या दृष्टीनं चांगलं आहे, पण त्यासोबत फायटेटही पुरतं येतं. आपल्याकडे रब्बीत पिकणारी मालदांडी ज्वारी पांढऱ्या दाण्याची आहे. तिच्यात लोहाला अडवणारं टॅनिन कमी, ही जमेची बाजू. लालसर ज्वारीत टॅनिनचाही अडसर पडतो.

एवढ्यातून वाचलेलं लोह आतड्याच्या पेशीच्या दाराशी येतं. हे दार म्हणजे डीएमटी-१ नावाचं प्रथिन. ते फेरिक लोहाला आत घेत नाही. त्याला हवं ‘फेरस’ लोह, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा मिळून दोन भारांवर आलेलं. पेशीच्या पृष्ठभागावर हे रूपांतर करणारं एक विकर असतं, पण ते एकटं पुरं पडत नाही.

क जीवनसत्त्व तिथं काय करतं

क जीवनसत्त्वाचं रासायनिक नाव ॲस्कॉर्बिक आम्ल. इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणं हा त्याचा स्वभाव आहे. लोहाच्या प्रवासात ते दोन कामं करतं.

पहिलं काम जठरातच सुरू होतं. सुट्या झालेल्या लोहाला ते फायटेटच्या आधी धरतं. ही पकड सैल असते आणि विरघळणारी असते. पुढे आतड्यात आम्ल मारलं गेलं तरी क जीवनसत्त्वाशी बांधलेलं लोह साका होऊन बसत नाही. ते द्रावणात राहून दारापर्यंत पोचतं.

दुसरं काम रूपांतराचं. ते लोहाला एक इलेक्ट्रॉन देतं आणि फेरिकचं फेरस करतं. डीएमटी-१ला हवं असलेलं रूप आयतंच तयार होतं.

ही दोन्ही कामं अन्नाच्या लगद्यात होतात, रक्तात नव्हे. म्हणून क जीवनसत्त्व आणि लोह एकाच वेळी पोटात असावं लागतं. बारा वाजता भाकरी आणि चार वाजता पेरू दिला, तर पेरूचे बाकी गुण मिळतील, पण बाराच्या भाकरीतलं लोह तोवर पुढे निघून गेलेलं असतं. फळ चार वाजता देण्याची घरोघरी सवय आहे. तेच फळ जेवणासोबत किंवा शेवटच्या घासाला दिलं, तर खर्च तोच राहून काम दुप्पट होतं.

पेशीत शिरल्यावरही लोहाचा प्रवास संपत नाही. पेशी ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवते किंवा दुसऱ्या बाजूच्या फेरोपोर्टिन या दारातून रक्तात सोडते. रक्तात ट्रान्सफेरिन ते उचलून अस्थिमज्जेकडे नेतं आणि तिथं हिमोग्लोबिन बनतं. फेरोपोर्टिनचं दार उघडं ठेवायचं की बंद, हे यकृतातून येणारं हेपसिडिन हे संप्रेरक ठरवतं. साठा भरलेला असला की हेपसिडिन वाढतं आणि दार बंद होतं. आतड्याच्या या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात, तेव्हा आत अडकलेलं लोह त्यांच्यासोबत बाहेर पडतं.

इथं एक गोष्ट आईवडिलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ताप किंवा जंतुसंसर्ग झाला की हेपसिडिन वाढतं. जंतूंनाही लोह हवं असतं, ते मिळू नये म्हणून शरीर स्वतःच कवाडं लावून घेतं. सारखं जुलाब-ताप लागलेल्या मुलाला पेरू कितीही दिला तरी लोह फारसं आत जाणार नाही. त्याच्या ॲनिमियाचा उपाय आधी पिण्याच्या पाण्यात आणि हात धुण्यात आहे.

किती लागतं

लोहाच्या एका अणूमागे क जीवनसत्त्वाचे दोन रेणू असतील तर शोषण ठळकपणे वाढतं, आणि फायटेट भरपूर असलेल्या जेवणात चार रेणू लागतात, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. वजनात सांगायचं तर लोहाच्या सहापट, आणि भाकरीसारख्या जेवणात बारापट. आपल्या हिशेबातल्या पावणेदोन मिलिग्रॅम लोहाला साधारण २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरे.

वीस मिलिग्रॅम कशातून मिळतं? पेरूत शंभर ग्रॅमला दोनशेच्या पुढे असतं, म्हणजे १० ग्रॅमची एक पातळ फोड झाली. आवळ्यात त्याहून जास्त, म्हणून त्याचा छोटा तुकडा किंवा थोडा कीस पुरतो. बोराचा गर २५ ते ३० ग्रॅम. पपई ४० ते ५० ग्रॅम. संत्र्याच्या तीन-चार फोडी. कच्चा टोमॅटो ८० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा जवळजवळ अख्खा.

लिंबाचा आकडा पाहिला की आश्चर्य वाटतं. ‘वरणावर लिंबू पिळा’ हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला. पण चमचाभर लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असतं जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅम. वीस गाठायला दहा चमचे लागतील आणि इतका आंबट घास कोणतं मूल खाईल? तरी लिंबू टाकाऊ ठरत नाही. त्यातलं सायट्रिक आम्ल स्वतःही लोहाला विरघळलेलं ठेवायला मदत करतं. फक्त लिंबू पिळलं म्हणजे काम झालं, असं समजू नये. आंबटपणा हे क जीवनसत्त्वाचं माप नव्हे. चिंच दात आंबवते, पण तिच्यात ते नावापुरतं. उलट गोड पेरूत ते खच्चून भरलेलं.

रंगावरूनही अशीच फसगत होते. ‘बाळाला डाळिंब द्या, बीट द्या, रक्त वाढतं,’ असं आजी सांगते. दोन्ही पदार्थ खायला चांगले आहेत, पण दोन्हींत लोह थोडं आणि क जीवनसत्त्वही पेरू-बोराच्या जवळपास नाही. आपल्या जिल्ह्यात भरपूर पिकणारी द्राक्षंही या कामात मागेच आहेत.

हे सगळं प्रत्यक्ष मुलांवर तपासलेलंही आहे. बडोद्यात सुभद्रा शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ॲनिमिया असलेल्या शाकाहारी बालकांना दिवसातल्या दोन जेवणांसोबत १००-१०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व साठ दिवस दिलं. लोहाचं औषध दिलं नव्हतं, जेवण घरचंच होतं. तरी मुलांचं हिमोग्लोबिन वाढलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणासोबत १०० ग्रॅम पेरू दिला, तेव्हा लोहाचं शोषण सुमारे दुप्पट झालं.

चूल, सुरी आणि वेळ

क जीवनसत्त्व नाजूक आहे. उष्णतेनं ते मोडतं, पाण्यात उतरतं, हवा लागली की कमी होत जातं. शेवग्याच्या पाल्यात ते कच्चं असताना भरपूर असतं, पण भाजी तासभर रटरटली की निम्म्याहून जास्त जातं. म्हणून पालेभाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून लवकर शिजवावी, शिजवल्याचं पाणी फेकू नये. लिंबू पिळायचं तर वरण चुलीवरून उतरल्यावर, खाण्याआधी. पेरू सकाळी चिरून डब्यात भरण्यापेक्षा ताटावर बसल्यावर चिरलेला बरा.

दुसऱ्या बाजूनं फायटेटची पकडही ढिली करता येते. मटकी, मूग, हुलगे भिजवून मोड आणले की फायटेट काही प्रमाणात मोडतं आणि कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडात नव्यानं तयार होतं. मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ म्हणून लहानग्यांसाठी दुहेरी कामाची. आंबवण्यानंही फायटेट कमी होतं. भाकरीचं पीठ लगेच मळून थापलं जात असल्यानं तिला हा फायदा मिळत नाही. आंबील, धिरडी, इडली यांना मिळतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं २०१० साली प्रयोगशाळेत दाखवलं की कांदा आणि लसूण घातल्यावर धान्य-डाळीतलं लोह अधिक प्रमाणात सुटं होतं. भाकरीसोबत कांदा फोडून खाण्याची रीत चवीपलीकडेही कामाची आहे.

लहान मुलांच्या बाबतीत सुरीचं काम जास्त महत्त्वाचं. पेरूच्या बिया, बोराची आठळी, अख्खे शेंगदाणे, हरभरे हे तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. पेरूचा बिया काढलेला गर कुस्करून किंवा किसून द्यावा, बोराचा गर आठळीपासून सोडवून द्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही, लिंबाचं पाणीही नाही.

चहा आणि दूध

सकाळी मुलाच्या हातात चहात बुडवलेला बटर किंवा खारी देणं ही मराठवाड्यातल्या घराघरातली गोष्ट. चहातली पॉलिफेनॉलं लोहाला धरून ठेवतात आणि जेवणासोबत चहा घेतला की शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. मोठ्यांनी चहा जेवणापासून तासभर दूर ठेवला तर चालेल, पण पाच वर्षांखालच्या मुलाला चहा देण्याचं मुळात कारणच नाही.

दुधाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण दूध चांगलंच मानलं जातं. कुंथलगिरीच्या पेढ्यानं आणि भूमच्या खव्यानं नाव मिळवलेला हा जिल्हा. पण दुधात लोह जवळजवळ नाही आणि त्यातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. एक वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये. त्यानं आतड्यातून बारीक रक्तस्रावही होऊ शकतो. वर्षानंतर दिवसाला दोन कपांच्या आसपास दूध पुरे. दुधावरच पोट भरणारं मूल गुटगुटीत दिसतं, पण त्याच्या पापण्या आतून फिक्या असतात, कारण भाकरी-वरणाला पोटात जागाच उरत नाही. भाकरी दुधात कुस्करण्याऐवजी वरणात कुस्करावी आणि दूध झोपताना द्यावं.

वेळ अमावस्येचं पान

धाराशिव, लातूर, सोलापूरच्या पट्ट्यात मार्गशीर्षातली अमावस्या शेतात साजरी होते. कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि घरदार बांधावर जेवतं. त्या पानाकडे लोहाच्या नजरेनं पाहिलं तर शिकण्यासारखं बरंच आहे. बाजरीच्या उंड्यांत लोह भरपूर, फायटेटही भरपूर. आंबील ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, म्हणजे फायटेटची पकड सैल झालेली. भज्जीत हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, तुरीचे-वाटाण्याचे-वालाचे ओले दाणे. ओल्या दाण्यांत क जीवनसत्त्व असतं, तेच दाणे वाळले की ते जातं. भज्जी बराच वेळ शिजते, त्यामुळे ते पुष्कळसं नष्ट होतं, आणि भज्जीतल्या चिंचेनं ती तूट भरून निघत नाही. मग ती भरून निघते कुठे? जेवणाआधी-नंतर मुलं बांधावरची बोरं वेचतात, कुणाच्या शेतातला पेरू खातात, तिथे. कच्चं, ताजं आणि त्याच जेवणाच्या वेळेत.

पुढे संक्रांत येते. सुगडात बोरं, ऊस, हरभरे, गाजर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचं बोरन्हाण होतं. बोरं डोक्यावरून ओतताना बाळानं आठळीसकट तोंडात घालू नयेत याकडे लक्ष ठेवावं आणि मग गर सोडवून खाऊ घालावा. थंडीचे हे तीन महिने पेरू, बोर, आवळा, संत्रं यांनी भरलेले असतात.

बाकीचे महिने जरा योजून काढावे लागतात. उन्हाळ्यात पिकलेला आंबा, पपई, किसलेली कैरी. पावसाळ्यात पेरूचा दुसरा बहर, कोवळ्या कोबीची बारीक कोशिंबीर, टोमॅटो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. त्यात क जीवनसत्त्व मध्यम, बिया मात्र नीट काढायच्या. अंगणवाडीच्या किंवा घराच्या सांडपाण्यावर एक पेरू आणि एक पपई सहज जगते. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं धाराशिव-लातूर भागातल्या शेतकरी महिलांसोबत एक एकराचं प्रारूप रुजवलं. कुटुंबाच्या जमिनीतला तुकडा बाईच्या हाती घेऊन त्यात कमी पाण्यावर धान्य, कडधान्य, भाजीपाला घरासाठी पिकवायचा. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. सोयाबीन आणि उसानं रान व्यापलेलं असताना मुलाच्या ताटलीतली भाजी अशा तुकड्यातूनच येते.

धान्यातलं लोहच वाढवण्याचाही मार्ग आहे. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘धनशक्ती’ ही जास्त लोहाची बाजरी आणली. बेळगाव भागात दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या बाजरीच्या पदार्थांतून दिवसाला सुमारे पाव मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, तर जास्त लोहाच्या बाजरीतून सुमारे दोन तृतीयांश मिलिग्रॅम. या दोहोंतला फरक वर मांडलेल्या हिशेबातली तूट भरून काढण्याइतका आहे.

सिरपला पेरू लागतो का

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात २०१८पासून ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप दिलं जातं. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. आशाताई बाटली देतात, दिवस ठरवून देतात. हे लोह मुळातच सहज विरघळणारं असतं आणि मात्रा मोठी असते, त्यामुळे त्याला क जीवनसत्त्वाची तितकी गरज नाही. चीनमध्ये प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोहाच्या गोळीसोबत क जीवनसत्त्व दिलं काय नि न दिलं काय, हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. सिरप दूध किंवा चहासोबत देऊ नये, एवढं पथ्य पाळलं की झालं. शी काळी होते, त्याला घाबरू नये. तापात किंवा तीव्र कुपोषणात सिरप द्यायचं का, हे आरोग्य केंद्रात विचारावं. आईच्या लोहाच्या गोळ्या आणि सिरपची बाटली मात्र मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, कारण एकदम जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. आतड्यातले कृमी रक्त पीत असतील तर वरून भरलेलं लोह खालून निघून जातं.

कुठवर भरवसा ठेवावा

एका जेवणावर केलेल्या प्रयोगांत क जीवनसत्त्वाचा परिणाम मोठा दिसतो. रोजच्या संपूर्ण आहारावर पाहिलं तर तो कमी भरतो, हे अमेरिकेत जेम्स कुक आणि मंजू रेड्डी यांनी २००१ साली दाखवलं. हैदराबादच्या अभ्यासातली दुप्पट वाढ रोज, प्रत्येक जेवणात होईल असं धरू नये. हिमोग्लोबिन ७च्या खाली गेलेलं मूल पेरूनं बरं होणार नाही, त्याला रुग्णालयात न्यायला हवं. त्याहून वर पण ११च्या खाली असेल तर औषधाच्या मात्रेनं उपचार करावे लागतात. सिरप नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर थॅलेसेमियासारखं दुसरं कारण तपासावं लागतं. पेरूची फोड तूट पडू नये म्हणून आणि भरून काढलेली पुन्हा पडू नये म्हणून आहे.

ही माहिती सगळ्यात जास्त कामाला येईल ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत. भूम, वाशी, कळंब, परंड्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती वसंतातच परततात. गावची अंगणवाडी, आशाताई, ठरलेला सिरपचा वार, सगळं मागं राहतं आणि फडावरच्या कोपीत मुलाच्या ताटलीत भाकरी आणि चटणी उरते. निघण्याआधी सिरपची बाटली मागून घ्यावी, दोन वार आईनं स्वतः ठरवावेत, मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घालावं. आणि हे महिने नेमके पेरू-बोरांचे आहेत. फडाच्या बांधावर बोर असतं, आठवडी बाजारात पेरू स्वस्त असतो. तो संध्याकाळी खाऊ म्हणून हातात देण्याऐवजी भाकरीच्या वेळी, बिया काढून, घासासोबत भरवावा.